सावत्र आई कशी मेली

हे मी कुणाला पुरतं सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती गेली. मुलाला नाही — त्याला वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर तो विचारतही नाही. देवाला? देवापुढं हात जोडले की मी आपला पेन्शन आणि गुडघे, एवढंच बोलत आलो. तुम्ही ओळखीचे नाहीत ते बरं आहे. ओळखीचं तोंड समोर आलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

आता एक ऐका, मला लगेच मुद्द्यावर ये म्हणू नका. जन्मभर लाइनमनची नोकरी केली. खांबावर चढायच्या आधी खालून चारदा बघायची सवय लागली ती लागलीच. हा खांब तर मी लहानपणापासून खालूनच बघतोय.

परभणीत माझं दोन खोल्यांचं घर आहे. शकू, माझी बायको, जाऊन आता दोन वर्षं व्हायला आली. मुलगा पुण्याला. दिवाळीत तो, सून आणि नात येतात. मग चार दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते, बाथरूमसाठी भांडणं, टीव्हीसाठी भांडणं. मी चिडतो, ओरडतो — स्वभावच आहे तो — आणि ते गेले की दारात उभा राहून गल्लीच्या टोकापर्यंत गाडी बघत बसतो. नंतर घर इतकं गप्प होतं की फ्रीज घरघरला तरी बरं वाटतं. एकट्या माणसाचा स्वयंपाक काय? एकदाच भात लावायचा, दोनदा खायचा.

तर मागच्या दिवाळीची गोष्ट. माझी नात स्वरा, चार वर्षांची. जेवायचं म्हटलं की तोंड शिवून बसणार. सून प्राजक्ता ताट घेऊन तिच्या मागं घरभर फिरायची, मोबाइल दाखवायची, तरी हू नाही की चू नाही. त्या दिवशी दुपारी मी वैतागून म्हटलं, आण ते ताट इकडं, तुम्हाला आजकालच्या पोरींना लेकरं जेवू घालता येत नाहीत. आणलं तिनं. आता माझी पंचाईत. मी काय कधी कुणाला भरवलं होतं? माझ्या मुलालासुद्धा नाही. पण वरणभाताचा घास केला, तोंड उघडलं, आणि काय झालं कोण जाणे, एक गोष्ट आपोआप बाहेर पडायला लागली. एक होता सोनबा. त्याची आई मेली. बापानं दुसरी आई आणली. ती आपल्या पोरांना शिरा द्यायची अन् सोनबाला करपलेली भाकर.

पोरगी थांबली. डोळे हे एवढे.

मग सोनबानं तूप मागितलं. मग सावत्र आईनं चुलीतलं तापलेलं उलथनं काढलं अन् त्याच्या हातावर ठेवलं, चर्रर्र. पोरीनं श्वास रोखला, मी घास सारला. मग सोनबा लिंबाखाली जाऊन रडला. मग साळुंकीनं त्याच्या ओंजळीत दाणे टाकले. घास. मग सावत्र आईला शिक्षा झाली. ती विहिरीत पडली. घास. स्वरा म्हणाली, “अजून कशी मेली?” मी म्हटलं, मुंग्यांनी उचलून नेली. घास. “अजून?” वावटळीत उडाली अन् थेट येलदरीच्या धरणात, बुडुक! पोरगी खिदळायला लागली. ताट संपलं.

प्राजक्ता दाराशी उभी राहून हसत होती. म्हणाली, “बाबा, त्या बिचारीला किती वेळा मारलंत! कुणी सांगितली होती तुम्हाला ही गोष्ट?”

मी म्हटलं, “आईनं.”

“पण तुमच्या आई तर तुम्ही तीन वर्षांचे असताना गेल्या ना?”

माझा हात ताटात तसाच राहिला. वरणभात बोटांवर वाळला. कारण ती गोष्ट मला सांगितली होती माझ्या सावत्र आईनं. तिनं! आणि साठी उलटेपर्यंत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणजे, सांगितली कुणी ते ठाऊक होतं. पण सांगताना तिला काय होत असेल, हा विचार — नाही. एकदाही नाही. समोर लेकरू तोंड मिटून बसलंय आणि आपल्या हातात घास आहे, असं झाल्याशिवाय ते कळणार तरी कसं होतं?

तिचं नाव प्रयाग. गावात प्रयागबाई. मी तिला मावशी म्हणायचो, शेवटपर्यंत मावशीच म्हटलं. आमचं गाव पेडगावच्या पलीकडं, कोसाभरावर. मी पाच-सहा वर्षांचा असताना बापानं तिला करून आणली. लगीन लागायच्या आधीच चुडाव्याच्या माझ्या आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, मला मांडीवर घेऊन ती सोनबाची गोष्ट सांगितली होती. वर म्हणाली, “जपून ऱ्हाय रं बाबा. सावत्र ती सावत्रच.” आजीचं काय चुकलं म्हणा? तिची लेक गेली होती.

तर मावशी घरात आली आणि मी जेवण सोडलं. तिच्या हातचं खायचं नाही, बस्स. बाप रानात गेला की ती ताट घेऊन माझ्यापुढं बसायची. पहिल्या दिवशी तिनं दोन शेळ्यांची कसली तरी गोष्ट काढली. मी म्हटलं, ही न्हाई. सावत्र आईची सांग.

ती थांबली असेल का? असेल. मला आठवत नाही. मी तिच्या तोंडाकडं बघतच नव्हतो. एवढं आठवतं की तिनं विचारलं, “ती कशी हाय? मला येत न्हाई. तू सांग, मी ऐकते.” मी आजीच्या तोंडची सगळी सांगितली. आणि दुसऱ्या दिवसापासून तीच गोष्ट ती मला सांगायला लागली. आजीपेक्षा चांगली! उलथनं तापायचं तेव्हा ती खरंच दात-ओठ खायची. आणि शेवटी सावत्र आई मरायची तेव्हा तर काय विचारता — जीभ बाहेर, डोळे पांढरे, हातपाय झाडत मावशी जमिनीवर लोळायची. मी हसलो की तोंड उघडायचं, आणि ती पडल्या पडल्या घास आत सारायची. रोज नवं मरण. मीच मागायचो. आज सापानं चावून मार. आज लांडग्याला दे. ती म्हणायची, “बरं बाबा, आज लांडगा. आ कर.”

आता तुम्हीच सांगा, कुठली आई रोज दुपारी असं मरेल? पोटच्या पोरासाठी तरी मरेल का? आणि मी पोटचा नव्हतो. मी फक्त जेवत नव्हतो, एवढंच तिला दिसत होतं.

बघा, हे सांगताना मला रडू आलं, आणि रडू आलं की वाटतं, चला, झालं, कबूल केलं. पण हा कबुलीजबाब नव्हेच. लहान लेकरू सावत्र आईला मारायच्या गोष्टी मागतं, त्यात गुन्हा काय? पुढं आहे तो.

आमच्याकडं थंडीत हुरडा असतो, ठाऊकच असेल. कोवळी ज्वारीची कणसं रानातच गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची. आमच्या चुलत्याच्या रानात आगटी पेटली होती. चुलत्याचं नि बापाचं बांधावरनं वैर. बापानं मला बजावलं होतं, त्याच्या रानात पाय टाकलास तर तंगडं मोडून हातात देईन. माझा बाप असलं काही नुसतं बोलून दाखवणाऱ्यातला नव्हता. बैलाच्या चाबकाचे वळ माझ्या पाठीवर आधीचे होते. तरी गेलो. वासच तसा असतो हो हुरड्याचा. कणीस ओढायला वाकलो, पाय घसरला, आणि हा उजवा हात, मनगटापासून कोपराकडं, आगटीत गेला.

परसदारानं घरात आलो. मावशी तूर पाखडत होती. ओरडली नाही, काही नाही. आधी गार पाणी ओतलं, मग चुन्याची निवळी नि खोबरेल घोटून लावलं, लुगड्याचा काठ फाडून बांधला. “कामून गेलतास रं तिकडं?” एवढंच. मला बापाचीच भीती. मी तिचा हात धरला आणि माझ्या गळ्याला लावला. म्हटलं, माझ्या गळ्याची शप्पथ हाय तुला, कुणाला सांगायचं न्हाई. सांगितलंस तर मी मरन.

आमच्याकडं गळ्याची शपथ म्हणजे खेळ नसतो. ज्याच्या गळ्याला हात लावला, शपथ मोडली तर त्याचाच जीव जातो. आणि ज्यानं घातली त्यानंच “सुटली” म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. पोरं सकाळी घालतात, संध्याकाळी सोडून मोकळी होतात. पण बायामाणसं ती मनावर घेतात. आणि ती तर सावत्र आई — तिनं शपथ मोडली आणि सवतीच्या लेकराला उद्या काही झालं तर? तिनं हात काढून घेतला नाही. “न्हाई सांगत. कुणालाच न्हाई सांगत,” ती म्हणाली.

बापाला तिनं सांगितलं, कढत पाण्याचं भांडं लवंडलं. बापानं ते खरं धरलं.

संक्रांतीला मामा आला. आईचा थोरला भाऊ, रेल्वेच्या पॅसेंजरनं चुडाव्याहून. खाऊ घेऊन आला होता. मला जवळ ओढलं, चिंधी दिसली, सोडून बघितली. पाण्याचं भाजलेलं असं दिसत नाही, मामा काही खुळा नव्हता. “हे निखाऱ्याचं नाहीतर तापल्या लोखंडाचं हाय. खरं सांग.” ओसरीवर बाप बसलेला, अंगणात शेजारपाजारची माणसं. त्यानं माझ्याकडं बघितलं. खुंटीला चाबूक होता. आणि माझ्या तोंडात — तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मला विचार करावाच लागला नाही — वाक्य तयार होतं. रोज दुपारी ऐकत होतो ना. मी म्हटलं, “सावत्र आईनं तापलेलं उलथनं ठेवलं.”

तिच्याच गोष्टीतलं. शब्दाला शब्द.

मावशी चहा घेऊन दारात आलेली होती. मामानं विचारलं, “व्हय का वं? खरं हाय का हे?” तिनं माझ्याकडं बघितलं. त्या वेळी मात्र मी तिच्या तोंडाकडं बघितलं होतं, म्हणून पक्कं सांगतो: राग नव्हता. घाबरलेली होती. एवढं घाबरलेलं माणूस मी पुन्हा बघितलं नाही. आता कळतं की तिला मामाची भीती नव्हती, बापाची नव्हती. तिला वाटत होतं, आता तोंडातून खरं निघालं तर हे लेकरू जाईल.

“व्हय,” ती म्हणाली.

“कामून?”

आणि तिनं — अजून अंगावर काटा येतो — तिनं त्याच गोष्टीतली ओळ सांगितली. “तूप मागत व्हता.”

बापानं उठून सगळ्यांसमोर तिच्या मुस्काटात दिली. चहा सांडला. मामानं मला उचललं, कपड्याचं बोचकंसुद्धा घेतलं नाही, तसंच पेडगावच्या स्टेशनवर. परभणीला गाडी थांबली तेव्हा त्यानं मला जिलबी घेऊन दिली. तुम्हाला वाटेल, घशाखाली उतरली नसेल. उतरली. लय गोड लागली. मी बोटं चाटली.

चुडाव्याला माझे लाडच लाड. तुपासाठी डागलं म्हणून आजी भातावर वाटीनं तूप ओतायची. पाहुणा आला की मला बोलावून बाही वर करून दाखवायची, आणि बाया पदर तोंडाला लावायच्या. मलाही ते आवडायला लागलं हो! दोन-चार वर्षांत तर मला माझंच खरं वाटायला लागलं होतं. जवळजवळ. पुरतं कधी वाटलं नाही, हे पण सांगतो.

मामानं शिकवलं, मामानं नोकरीला लावलं, मामानंच पोरगी दिली. मामाची मुलगी करायची आमच्याकडं रीतच आहे. शकू लहानपणी माझ्या हातावरचा डाग बोटांनी चाचपून रडायची. तिचा जीव माझ्यावर जडला तो त्या डागापायी, असं ती स्वतःच सांगायची, हसत हसत, चार माणसांत. मग सांगा — कोणत्या तोंडानं म्हणणार होतो मी, की शकू, तो डाग हुरड्याचा आहे?

हे सबब म्हणून सांगत नाही. कसं झालं ते सांगतोय.

आणि गावात तिचं काय झालं? बाप लवकर गेला. तिला लेकरू झालं नाही. ती एका खोलीत राहिली, रोजानं निंदायला-वेचायला जायची. तिला लेकरांचं लय वेड. पण गावात कुणाच्या बारशाला तिला बोलावणं नसायचं. पाळण्याची दोरी तिच्या हातात कुणी दिली नाही. नवी सून आली की तिला आधी सांगायचे, त्या प्रयागबाईपाशी लेकरू ठेवायचं नाही, पोर डागलंय तिनं. मी वर्षातनं एकदा जायचो, पोळ्याला नाहीतर दिवाळीला, अर्धा-पाऊण तास. शकू कधी आली नाही, माझ्या मुलालाही तिनं कधी नेऊ दिलं नाही. एकदा मी अंगणात चहा पीत बसलो होतो. शेजारचं एक रांगतं लेकरू मावशीच्या लुगड्याला धरून उभं राहिलं. त्याची आई धावत आली, खसकन ओढलं, “इकडं ये मेल्या, डागंल ती.” मावशी म्हणाली, “ने बाई, ने. मी चुलीपाशीच जायले.” आणि हसली. माझ्या हातात कप होता. मी दोन घोट घेतले. म्हटलं, मावशी, निघतो.

इथं तरी बोलायला नको होतं का? चांगला मिशा फुटलेला बाप्या होतो मी. तेहतीस हजार व्होल्टच्या लाइनवर चढणारा.

पण अजून आलोच नाही बघा मी मुद्द्यावर. आलो. हेच ते.

शकू जायच्या साधारण वर्षभर आधी मावशीचं दुखणं बळावलं. गावातनं फोन आला, मी गाडी करून तिला परभणीला आणलं, दवाखान्यात घातलं. शकूला ते पसंत नव्हतं, पण डबा तीच आणायची. म्हणायची, माणुसकी म्हणून करते. एका दुपारी मी खाटेपाशी बसलो होतो. शकू खिडकीत मोसंबी सोलत होती. मावशीनं मला खुणेनं जवळ बोलावलं. मी कान नेला.

“दत्ता,” ती म्हणाली, “तेवढी शप्पथ सोड की रं आता.”

एवढ्या वर्षांत त्यावर एक अक्षर बोलली नव्हती. एवढ्या वर्षांत! मला वाटायचं, विसरली असेल. विसरते कुठली? ती सांभाळून बसली होती. माझ्या जिवाचं काही बरंवाईट होऊ नये म्हणून, गावाच्या शिव्या खात, शपथ सांभाळत बसली होती. आणि आता जायच्या वेळी तिला ते ओझं खाली ठेवायचं होतं. कुणाला सांगायचं होतं का तिला? शकूला? का नुसतं मोकळं होऊन जायचं होतं? का आपल्यामागं ही शपथ माझ्या गळ्यात तशीच राहील, याचा घोर होता? मी विचारलं नाही, तेव्हा कळायचं कसं?

एकच शब्द म्हणायचा होता. “सुटली.” ओठातल्या ओठात म्हटला असता तरी चाललं असतं. पण शकूनं मोसंबी सोलायची थांबवली होती, तिचं लक्ष आमच्याकडं होतं. तिनं विचारलं असतं, काय सुटलं? मग?

मी मान वर केली, आणि दोघींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, “कसली शपथ, मावशी?”

तिनं माझ्याकडं बघितलं. मग शकूकडं बघितलं. मग म्हणाली, “काही न्हाई बाबा. गोळ्यांनी डोकं फिरलंय माजं. काहीबी बोलायले.” मला झाकलं तिनं. तेव्हासुद्धा. वर विचारलं, “तू जेवलास का?”

त्या आठवड्यातच ती गेली.

लहानपणचं खोटं मी सोडून देईन एक वेळ. सहा वर्षांचं पोर, बापाचा चाबूक, समजू शकतो. पण दवाखान्यातला माणूस साठीला टेकलेला होता. त्याला सगळं समजत होतं. त्यानं एक शब्द दिला नाही. हा माझा गुन्हा. दुसरा कुणी वाटेकरी नाही त्यात.

तेराव्याला गाव जेवलं. पंगतीत म्हातारे म्हणाले, “सावत्र आईनं डागलं, तरी दिवस घातले पठ्ठ्यानं. देवमाणूस!” मी वाढप्याला म्हटलं, इकडं अजून बुंदी आणा.

दिवाळी सरली, पोरं पुण्याला गेली. घर पुन्हा गप्प. मी भाताचं पातेलं घेऊन बसायचो आणि मला जेवण जाईना. कुणी समोर बसून मरायला तयार नव्हतं. मग एक दिवस एसटी धरली आणि गावाला गेलो. ठरवलं होतं, पारावर नाही, घरोघर नाही, पण निदान रुक्मिणकाकूला सांगायचं. ती शेजारची. मावशीबद्दल सगळ्यात जास्त तीच बोलायची, आणि तिनं ऐकलं की गावानं ऐकलं. नव्वदीला टेकलीय, पण कान खणखणीत आहेत.

ओसरीवर बसलो. पाणी झालं, चहा झाला. मी म्हटलं, “काकू, एक सांगायचंय. मावशीनं मला डागलं नव्हतं. मी हुरड्याच्या आगटीत पडलो होतो. मी खोटं बोललो.”

 म्हातारीचे डोळे भरून आले. मला वाटलं, पोचलं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “किती रं मोठं मन तुजं,” ती म्हणाली. “मेल्या माणसाचं झाकायलास. पण आमी डोळ्यानं बघितलंय, तिनं सोता कबूल केलतं. असूंदे, असूंदे. पुण्य लागंल तुला.”

मी म्हणायला हवं होतं, काकू, शपथ होती. म्हणायला हवं होतं, तिला मी बांधून घातलं होतं, सोड म्हणाली तेव्हा सोडलं नाही. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात काकूनं आत हाक मारली. नातसून बाहेर आली, कडेवर तान्हं, महिना-दीड महिन्याचं, टोपड्यातलं. काकू तिला म्हणाली, “ये गं, ह्यांच्या पाया पड. असली माणसं ऱ्हायली न्हाईत आता. अन् लेकरू दे त्यांच्या मांडीवर, चांगला हात लागू दे त्याला.”

पोरगी वाकली. लेकरू माझ्यापुढं धरलं. ते जांभई देत होतं.

मी मांडी नीट घातली आणि ते घेतलं.